सायपनच्या अलीकडे

९ जानेवारी २०००

डायरी गेल्या सालची आहे. हट्ट्याच्या बियाणांच्या दुकानात रद्दीत पडली होती, मागितली तर दिली. वार सगळे चुकीचे, म्हणून खोडून टाकतो. शाळा नववीपर्यंत, त्यातली अर्धी शाळेबाहेर. घरात आमी बंजारे लोक गोरमाटी बोलतो पण ती लिहायची कशी ते कुणी शिकवलं न्हाई, तर मराठीत लिहितो.

परवा केरळातून आलो. ट्रकवर क्लीनर होतो. अलप्पी म्हणून गाव आहे, तिथं काथ्या भरायला गेलो आणि माल तयार नव्हता म्हणून पडून राहिलो. त्या गावात गल्ल्यांच्या जागी पाट आहेत. लोक लांबून आगगाडीनं येतात आणि पाटात बसतात! कोणी वल्हं मारतो, कोणी पाण्यात चेंडू खेळतो, गोरे लोक तर अंगाला तेल चोपडून नुसते होडीत आडवे. ड्रायव्हरला म्हणलं, ‘‘हे चालले कुठं?’’ तो म्हणाला, ‘‘कुठंच न्हाई. फिरून इथंच येतेत.’’ अन् त्याचे पैसे देतात.

तिथंच डोक्यात उजेड पडला. आमच्या तांड्याखालून सिद्धेश्वर धरणाचा कॅनॉल जातो. वर डांबरी रस्त्याचा पूल. परभणीकडून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारी एकूण एक गाडी त्या पुलावरून जाते. पाणी आपलं, पूल आपला, फक्त बसायला काही पाहिजे.

बाला सांगितलं. बा म्हणजे माझा बाप हरिचंद. तो शेळ्यांचं दूध काढत होता. म्हणाला, ‘‘पाण्यावर बसायला बी पैसे देतेत व्हय?’’

याडी, म्हणजे आई, आतून ओरडली, ‘‘देऊ दे की. दोन महिने तर घरी राहील पोरगं.’’

बा म्हणाला, ‘‘आपले आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. पण सगळा तांडा संग घेऊन. हा एकटाच पळतो.’’

बाला माझं काहीच पटत न्हाई.

१३ जानेवारी

संतोषला धरलं. हट्ट्याच्या फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे, शाळेत माझ्या बाकावर होता. ट्रकच्या जुन्या ट्यूबा त्याच्याकडं ढीगभर. दोन ट्यूबांवर फळ्या बांधल्या की तिघांची जागा झाली. म्हणाला, ‘‘रणज्या, तू परत मधूनच सोडून जाशील.’’ म्हणलं, ‘‘आता न्हाई.’’ म्हणाला, ‘‘कोंबड्या पाळल्या तवाबी असंच म्हणला होतास.’’

कोंबड्यांचं वेगळं होतं. त्यांना रोग आला होता. मी गावाला गेलो होतो तेव्हा आला, एवढंच.

१६ जानेवारी

पहिला प्रयोग. पुलापाशी पाण्यात उतरायचं, बाभळीच्या सावलीतून वाहत यायचं, आणि धुण्याच्या पायऱ्यांपाशी बाहेर पडायचं. मजा येते! अंग हलकं होतं, आभाळ सरकतं, बगळे उठतात. अलप्पीपेक्षा भारी, कारण तिथं नुसता डिझेलचा वास.

एक वाईट झालं. एक रिकामी ट्यूब हातातून सुटली आणि पायऱ्यांच्या पुढं गेली. पुढं सायपन आहे. कॅनॉल तिथं ओढ्याच्या खालून बोगद्यात शिरतो आणि पलीकडं वर येतो. तोंडाशी पाणी वरून शांत दिसतं, गोल फिरतं एवढंच. ट्यूब त्या गोलात दोनदा फिरली आणि खाली ओढली गेली, कुणी पाय धरून ओढल्यासारखी. पलीकडं वर आली ती रबराच्या चिंध्या होऊन.

बा ओढ्याकडून येत होता. त्यानं चिंधी काठीनं उचलून बघितली, उलटीपालटी केली. ‘‘ट्रकची होती?’’ म्हणाला. म्हणलं, ‘‘व्हय, चांगली होती.’’ नवी ट्यूब संतोष देईल का, हीच काळजी.

१८ जानेवारी

पायऱ्यांपाशी कॅनॉलवर आडवी दोरी बांधली. अलप्पीहून आणलेली काथ्याची, मनगटाएवढी. एका अंगाला बाभळीच्या बुंध्याला, दुसऱ्या अंगाला लोखंडी खुंटीला. पाण्याला टेकेल न टेकेल अशी, म्हणजे बसलेल्या माणसाच्या हाताला बराबर लागते. संतोष तिथं उभा राहणार आणि आलेल्यांना पायऱ्यांवर ओढणार. मी पुलावर गिऱ्हाईक बोलावणार.

बा बघत होता. म्हणाला, ‘‘पाणी चढलं तर?’’

म्हणलं, ‘‘बा, हा कॅनॉल हाय, नदी न्हाई. साहेब जेवढं सोडतो तेवढंच येतं.’’

बा शेळ्या घेऊन गेला. आजपासून तो शेळ्या सायपनकडं नेतो. काहून नेतो कुणास ठाऊक. सगळा तांडा बघतो की हरिचंदचं पोरगं खेळ मांडून बसलं आणि बाप तोंड वळवून लांब जाऊन बसला. मुद्दाम करतो.

२६ जानेवारी

आज झेंड्याची सुट्टी. गाड्यांची रांग! पुलावर पाटी लावली: ‘पाण्यातली सैर – घरच्यासारखी सुरक्षित’. शब्द संतोषच्या बायकोनं सुचवले, तिची बारावी झाली आहे.

बाया आधी बसायला भीत होत्या. मग शिला मधी बसली, माझी धाकटी बहीण, हातात बांबू घेऊन. पोरगी बसलेली बघितली की बायांना धीर येतो. परभणीचं एक नवं जोडपं आलं, विश्वंभर आणि मंजुषा. तो एसटीत नोकरीला. तो काठावरून म्हणत होता, ‘‘अगं, साडी भिजंल.’’ ती म्हणाली, ‘‘तुमी चष्मा सांभाळा.’’ दोघं बसले. ती पायऱ्यांपर्यंत हसत आली आणि उतरल्याबरोबर म्हणाली, ‘‘आणखी एकदा!’’ जाताना म्हणाली, शिवरात्रीला दर्शन करून परत येणार, सासूला पण आणणार. तो म्हणाला, ‘‘आईला नको, ती तुलाच ढकलून देईल.’’

संध्याकाळी बा याडीला म्हणाला, ‘‘पोरीला कशाला बसवतो तो?’’ मला नाही विचारलं, याडीला विचारलं. मी समोरच होतो.

६ फेब्रुवारी

घरात भांडण. आमच्या शेळ्या शेजारच्या हरभऱ्यात घुसल्या. मालक येऊन बडबडून गेला. याडी बावर चिडली, ‘‘शेळ्या मोकळ्या काहून सोडल्या? दावी कुठं गेली सगळी?’’

बा म्हणाला, ‘‘हायेत.’’

‘‘कुठं हायेत? खुंट्यावर एक बी न्हाई.’’

‘‘हायेत म्हणलं ना.’’

म्हातारा विसराळू होत चालला. मी म्हणलं हट्ट्याहून नवी आणतो. ‘‘नको,’’ म्हणाला. मग मीही विसरलो, कारण त्याच दिवशी एक मदारी अस्वल घेऊन पुलावर आला होता आणि मी त्याच्या मागं जवळाबाजारपर्यंत गेलो. अस्वलाचं नाव बसंती. संतोष दिवसभर एकटा उभा होता, म्हणून रुसला.

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. भोग लावला, बाया नाचल्या. तांड्याच्या नायकानं चारचौघांत विचारलं, ‘‘हरिचंद, पोरगं काय करून राहिलं?’’ मला वाटलं आता बा काढणार माझी. बा म्हणाला, ‘‘घरी हाय.’’ बस, एवढंच. बाकी काही सांगायला लाज वाटली असेल.

२ मार्च

संतराम पाटकरी आला. पाटकरी म्हणजे कॅनॉलचं पाणी बघणारा माणूस, दारं उघडायच्या किल्ल्या सायकलला लटकवून फिरतो. हट्ट्याचाच. तापला होता.

‘‘सायपनच्या तोंडाला बाभळीचे फास कोण लावलेत? सगळा कचरा तिथं अडकून राहिला. पाणी तुंबलं तर भराव फुटंल. साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल अन् तुझ्या ट्यूबा.’’

जाऊन बघितलं. खरंच होतं. फास म्हणजे काटेरी फांद्या, एकात एक गुंतवून तोंडावर आडव्या बसवलेल्या, पार दगडांत ठोकून. बा तिथंच शेळ्यांत बसला होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘शेळ्यांसाठी तोडल्या होत्या. वाहून गेल्या असतील.’’

वाहून गेलेल्या फांद्या अशा ठोकून बसत न्हाईत. पण बाशी कोण बोलणार. मनात आलं, याला माझा धंदा बंदच पाडायचा आहे. संतोष आणि मी दिवसभर फास उपसले, हात रक्तबंबाळ. तोंड साफ झालं. पाणी गोल फिरायला लागलं. बा काठावर उभा राहून बघत होता. आम्ही शेवटची फांदी ओढली तेव्हा तो खाली बसला.

३ मार्च

उद्या शिवरात्र. चार ट्यूबांना नवी हवा. बा दर शिवरात्रीला पायी औंढ्याला जातो, मला कळतंय तसा एकदाही चुकला न्हाई. यंदा म्हणतो गुडघा दुखतो. सायपनपर्यंत बरा चालतो गुडघा.

५ मार्च

लिहून काढतो, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

काल सकाळपासून गर्दी होती. उपासाचा दिवस, यात्रेचा दिवस, रस्ता नुसता माणसांनी भरलेला. शेतात मात्र एक माणूस दिसत नव्हता. ते मला दिसलं होतं. दिसलं आणि त्याचा अर्थ लागला न्हाई.

दुपारी पुलावर एक ट्रक पंक्चर झाला. मौत का कुआँवाल्यांचा! औंढ्याच्या यात्रेला चालले होते. फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकल गोल गोल भिंतीवरून चालवतात ते. मागं लाल गाडी बांधलेली, सायलेन्सर काढलेला. मालक भीमसिंग, मिशीला तेल. म्हणाला, ‘‘ए भाय, जरा जॅक पकड.’’ मी पकडला. मग गाडीवर बसून बघितलं. मग तो म्हणाला, ‘‘चलाएगा? अपने पास लडका कम है. यात्रा के बाद परभणी जाएंगे, फिर आगे. सोच ले.’’ मी विचारच करत होतो.

तेवढ्यात विश्वंभर आणि मंजुषा आले. सासू नव्हती. मी ट्रकखाली होतो, पुलावरूनच म्हणलं, ‘‘शिला, घे त्यांना.’’ एकदा पाण्याकडं बघायचं होतं. फक्त एकदा. पाणी पुलाच्या खांबावरच्या रोजच्या हिरव्या डागाच्या वर गेलेलं होतं. नंतर बघितलं तेव्हा डाग दिसतच नव्हता.

संतोषची बोंब ऐकू आली. असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. जॅक सोडून पळालो. भीमसिंग मागून शिव्या देत होता.

काठानं पळताना दिसलं ते असं. तराफा जोरात चाललेला, रोजच्या दुप्पट. शिला बांबू काठाला टेकवते आणि बांबू निसटतो. मंजुषा अजून हसत होती. पायऱ्या आल्या. संतोष कमरेपर्यंत पाण्यात. आणि दोरी कुठंच न्हाई! दोरी होती, तिथंच होती, दोन्हीकडं पक्की बांधलेली. पण हातभर पाण्याच्या खाली. तराफा तिच्यावरून गेला, जसं काही नव्हतंच तिथं.

संतोषनं मंजुषाचा हात धरला आणि ओढलं. ती पायऱ्यांवर आपटली. तिला धरायला विश्वंभर उठला आणि पाण्यात पडला, त्याच्या हाताला काठाचं गवत लागलं, तो लोंबकळला. वजन एकीकडं झालं तसा तराफा गिरकला आणि शिला एकटी पुढं गेली.

‘‘उडी मार!’’ मी ओरडलो. पोहते ती माशासारखी. पण काठ तिथं दगडी, तिरपा, शेवाळलेला. तिनं उडी न्हाई मारली. फळी धरून माझ्याकडं बघत होती. मी पळत होतो आणि पाणी माझ्यापेक्षा जोरात पळत होतं. माझ्याच हातांनी साफ केलेलं ते तोंड समोर, गोल फिरणारं.

आणि बा पाण्यात होता.

तोंडाच्या अगदी पुढं, छातीपर्यंत, पाठ बोगद्याकडं. दोन्ही हात पसरलेले. तराफा त्याच्या छातीवर येऊन धडकला. मला वाटलं दोघंही गेले. बा मागं सरकला, डोकं खाली गेलं, मग काहीतरी ताणलं गेलं आणि तो थांबला. त्याच्या कमरेला दोर होता. दोराचं दुसरं टोक काठावरच्या लोखंडी खांबाला, पाणी मोजायचे आकडे असतात त्याला. शिला त्याच्या खांद्यावर चढली, तिथून मी तिला ओढलं. ट्यूबा सुटून आत गेल्या. फळ्या मोडल्याचा आवाज जमिनीखालून आला.

संतोष आणि मी दोर ओढायला लागलो. बाचा एक हात काम करत नव्हता. वर काढला तेव्हा ओठ निळे होते. पहिलं बोलला ते, ‘‘त्या दुसऱ्या बाई?’’

‘‘हायेत, बा. दोघं हायेत.’’

तो दोर शेळ्यांच्या दाव्यांचा होता. सगळी दावी एकाला एक जोडून केलेला. मी गाठी सोडायला गेलो तर सुटेनात. गाठी जुन्या होत्या, उन्हापाण्यानं पांढऱ्या पडलेल्या, दगडासारख्या.

७ मार्च

बाला वसमतला नेलं होतं. खांदा निखळला, हाडही मोडलं. हात गळ्यात बांधला आहे. डॉक्टर म्हणतात, वर उचलायला त्रास राहील. शिला दिवसभर त्याच्या बाजेजवळ बसते.

विश्वंभर आणि मंजुषा परभणीला गेले. तक्रार केली न्हाई. त्याचा चष्मा मात्र गेला. तिनं जाताना बाच्या पायावर डोकं ठेवलं. बा ओशाळला, ‘‘अवो, बाई, असं करू नका,’’ म्हणाला.

संतराम आला. मी म्हणलं, ‘‘त्या दिवशी पाणी जास्त सोडलं काहून? सांगायचं तरी.’’

तो म्हणाला, ‘‘कुणी सोडलं? धरणातून रोजच्याएवढंच आलं. अरे, शिवरात्र होती! वरच्या सगळ्या गावांनी शेताची दारं बंद केली अन् यात्रेला गेले. पाणी प्यायला कोणी नव्हतंच, तर आलं सगळं खाली. दरसाल होतं. दरसाल मी बी यात्रेत असतो, तेवढं आहे.’’ मग सायकलवर बसता बसता म्हणाला, ‘‘त्या फांद्या असत्या तर...’’ आणि निघून गेला.

राहिलेल्या ट्यूबा संतोषनं दुकानात नेल्या. पाटी मी फोडून चुलीत घातली. संतोष म्हणाला, ‘‘आता जाशील तू.’’ विचारलं न्हाई त्यानं, सांगितलं.

बा एका शब्दानंही रागावला न्हाई. रागावला असता तर निघायला सोपं गेलं असतं.

११ मार्च

भीमसिंगचा निरोप आला होता, आज यात्रेतून निघणार, पुलावर हॉर्न वाजवणार, यायचं असेल तर यायचं.

पिशवी भरून ठेवली होती. सकाळी याडी म्हणाली, ‘‘शेळ्या कोण नेणार?’’ म्हणलं, दुपारपर्यंत मी नेतो. बा रोज न्यायचा तिथंच नेल्या, सायपनकडं. त्यांनाही सवयीची वाट असणार.

तिथं चरायला काही न्हाई. फास उपसले त्या दिवशी माझं लक्ष पाण्याकडंच होतं. खाली मुरूम, दगड, वाळलेलं कुसळ. सावलीसुद्धा न्हाई. शेळ्या थोडा वेळ हुंगत फिरल्या, मग माझ्याकडं तोंड करून ओरडायला लागल्या. एका दगडावर बसलो. दगड गुळगुळीत झालेला, बसून बसून. त्यावरून पायऱ्या दिसत होत्या, दोरी दिसत होती, पुलावरून सुटलेला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसला असता.

हॉर्न वाजला. बऱ्याचदा वाजला. शेळ्या त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या. मग ट्रक गेला.

शेळ्या घरी आणल्या तर याडीनं त्यांच्या कुशीवर हात फिरवला. ‘‘उपाशी आणल्यास व्हय रं?’’

‘‘बा तर रोज तिथंच न्यायचा.’’

‘‘न्यायचा. अन् पहाटे तू झोपलेला असायचास तवा सुबाभळीचा पाला तोडून पोटभर घालायचा. मग न्यायचा. मी म्हणायची, पोट भरलेल्या शेळ्या चारायला कुठं नेता? तर म्हणायचा, तू गप.’’

बा बाजेवर होता. त्याची नजर दाराजवळच्या माझ्या भरलेल्या पिशवीवर होती. मी ती उचलून आत ठेवली. म्हणलं, ‘‘बा, उद्या शेळ्या कुठं नेऊ?’’

बा म्हणाला, ‘‘आता कुठंबी ने.’’